काझी सरांच्या विहिरी आणि माझा डेटाबेस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायलाच हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच नाही. मग तुमच्याजवळ का बोलतेय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीचा चेहरा समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एरवी ती किती चालते, ते आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा.

मी चोरी केली नाही. कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. कधी कधी वाटतं, केलं असतं तर बरं झालं असतं — त्याला निदान नाव असतं, शिक्षा असते. मी जे केलं त्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवात कामापासून करावी लागेल. कंटाळू नका, कारण माझी चूक त्या कामाच्या पोटातच आहे. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर. तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. औरंगपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. वाळूज-चिकलठाण्याचे छोटे कारखानदार, बियाण्यांची दुकानं, एक-दोन शाळा — अशांची ईमेल आम्ही सांभाळायचो. म्हणजे त्यांची पत्रं आमच्या सर्व्हरवर यायची आणि तिथंच राहायची. मालक भाऊसाहेब. त्यांना माणसं कळायची, मशीन कळायचं नाही. मशीन माझ्याकडे. मी वैजापूर तालुक्यातल्या धनगराची पोर. घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या मेंढरं सांभाळली आणि मी सर्व्हर सांभाळायला लागले — एवढ्या एका गोष्टीवर मी किती फुगले होते, काय सांगू तुम्हाला?

माझ्याआधी जो माणूस तिथं होता त्यानं सगळी व्यवस्था फायलींवर बसवली होती. प्रत्येक माणसाचं एक फोल्डर, आणि त्याला आलेलं प्रत्येक पत्र म्हणजे त्या फोल्डरातली एक वेगळी फाइल. बस्स, एवढंच. फाइल उघडायला खास काही लागत नाही. साध्यात साध्या प्रोग्रॅमनं उघडा, पत्र समोर. एक पत्र पुसलं तर तेवढंच पुसलं जातं. पत्र येता येता लाइट गेली तर ते एक पत्र अर्धवट राहतं, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. दुसरी प्रत ठेवायची म्हणजे फोल्डर उचलायचं आणि दुसऱ्या डिस्कवर टाकायचं. हे कुणालाही जमेल असं काम होतं, आणि म्हणूनच मला ते आवडत नव्हतं.

पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मात्र मी थक्क झाले होते, हे खोटं नाही. नवीन होते, एका फोल्डरची यादी पडद्यावर मागवली. ओळी वर सरकायला लागल्या — सरकत राहिल्या — सरकतच राहिल्या. लांबलचक आकड्यांची नावं, एकाखाली एक, थांबायचं नावच नाही. मी हातातला चहा तसाच धरून बघत बसले. त्यातल्या प्रत्येक ओळीच्या आत कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितलेलं होतं. ते फोल्डर काझी सरांचं होतं.

काझी सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. भाऊसाहेब त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे सरांचं खातं आमच्याकडे होतं. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नातवंडं खेळवतात; सरांनी एक वेगळाच नाद लावून घेतला. जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहिरींची खबर ठेवायची. कुठं त्यांचा जुना विद्यार्थी मास्तर होता, कुठं एखादा किराणावाला, कुठं ग्रामपंचायतीतला ऑपरेटर — ही माणसं दर पंधरवड्याला सरांना ईमेल करायची की गावच्या विहिरीला पाणी किती आहे. सरकारचं काम नाही, पैसा नाही, काही नाही. सर विचारायचे म्हणून लोक लिहायचे. असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

मी ती पत्रं वाचायचे. — नाही, माझी चूक ती नव्हे. म्हणजे तीही चूकच, दुसऱ्याची टपालं फोडून वाचणं. पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ऑफिस बंद व्हायच्या आधी एखादी फाइल उघडायचे. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी असायचं, अडखळत वाचावं लागायचं. 'सर, आज दोन परस पाणी हाय. मागच्या शिमग्याला चार परस होतं.' परस म्हणजे एका उभ्या माणसाएवढी खोली. 'सर, पाणी पिवळं येऊ लागलंय.' 'सर, विहीर आटली, पण कपारीतून रात्रीत घागरभर जमतं, त्यावर तीन घरं चालत्यात.' एका माणसानं तर लिहिलं होतं, पाण्याचा आवाज बदललाय, बादली पडल्यावर पूर्वी गार वाजायची, आता पोकळ वाजते. बादली गार वाजते म्हणजे काय हो? मी ते पत्र कितीदा वाचलं असेल. शहरात बसून, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या शहरात, मी जमिनीखालच्या पाण्याची वर्षानुवर्षांची बोलणी ऐकत होते.

त्यात आमच्या गावची विहीरही होती. आमची मेंढरं तिथंच पाण्यावर जायची. फोनवर वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं की आबा म्हणायचे, समदं बरं हाय, तू तुझं बघ. आणि गावच्या मास्तरांनी सरांना लिहिलेलं असायचं की दोर पुरेना म्हणून आज धनगरांनी दोराला दोर जोडला. घरची खरी खबर मला घरातून कळायची नाही, काझी सरांच्या फोल्डरातून कळायची. मग मी महिन्याला दोन पैसे जास्त पाठवायचे, आणि आबा विचारायचे, तुला कसं उमगलं गं? मी हसायचे.

तर असं ते सगळं होतं. फायलींमध्ये. सुरक्षित.

मग मला डेटाबेसचं वेड लागलं. त्याचं काय आहे, फायलींत एक दुखणं होतं. सगळ्या पत्रांतून एखादा शब्द शोधायचा म्हटलं तर सर्व्हर एकेक फाइल उघडून बघणार, धापा टाकणार, आणि तोवर माणूस चहा पिऊन येणार. डेटाबेसमध्ये तसं नसतं. तिथं पत्रं सुटी राहत नाहीत. सगळ्यांची सगळी पत्रं फोडून, चाळून, लावून एका मोठ्या कोठारात ठेवली जातात, आणि कुठं काय आहे याची खूण वेगळी ठेवली जाते. मागाल ते डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. मोठमोठ्या कंपन्या असं करत होत्या. मग आम्ही का नाही? भाऊसाहेब म्हणाले, चाललंय ते काय वाईट चाललंय? मी म्हणाले, काळ बदललाय. हे वाक्य मला फार आवडायचं त्या दिवसांत.

तुम्हाला पेव माहीत आहे का? आमच्याकडं पूर्वी धान्य एक तर पोत्यांत भरायचे, नाही तर पेवात. पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा, आतून शेणामातीनं लिंपलेला, वरून तोंड बंद. पोती दिसायला गबाळी. पेवातलं धान्य एका ठिकाणी, नीटस. पण पोत्याला पाणी लागलं तर एक पोतं जातं, पेवात पाणी शिरलं तर कुठलाच दाणा वेगळा काढता येत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि आठवणं यात किती अंतर असतं, हे मात्र नंतर कळलं.

काम झालं. छान झालं, खरंच. मी सुट्टीचे दोन दिवस बसून सगळी पत्रं फायलींतून डेटाबेसमध्ये ओतली, आणि पहिल्यांदा शोधायला लावलं तेव्हा मी तेच पुन्हा तीनदा शोधून बघितलं, इतकं ते वेगानं आलं. मग मी काय केलं? काझी सरांना बोलावलं. मिरवायला दुसरं कोण होतं मला? सर जिना चढून आले, गुडघे धरून खुर्चीत बसले. मी म्हटलं, सर, कुठलंही गाव टाइप करा. त्यांनी एका बोटानं गावाचं नाव टाइप केलं. आणि त्या गावची विहीर — पहिल्या पत्रापासून त्या आठवड्यातल्या पत्रापर्यंत — एका रांगेत पडद्यावर उभी राहिली. भरलेली, उतरलेली, पुन्हा भरलेली, आटलेली.

सर पडद्याजवळ वाकून एकेक ओळ वाचत गेले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बेटा, तू तर पाताळातलं पाणी वर काढलंस."

त्या वाक्यावर मी पुढं कित्येक दिवस जगले. आणि त्याच गुर्मीत — आता जवळ येतेय मी, थांबा — त्याच गुर्मीत मी जुन्या फायली पुसल्या, दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीसकट. डिस्क भरली होती, जागा हवी होती, आणि आता फायलींची गरजच काय? पोती रिकामी करून जाळून टाकली म्हणा ना. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

रोज दुसरी प्रत काढायची ती मात्र मी जुन्याच सवयीनं काढत राहिले. फोल्डर उचलायचं, दुसऱ्या डिस्कवर टाकायचं. फायलींना ते चालायचं. डेटाबेसला चालत नाही. तो सतत आत काहीतरी हलवत असतो. तुम्ही त्याची नक्कल करायला घेता तेव्हा अर्धी नक्कल आधीची होते, अर्धी नंतरची, आणि दोन्ही जुळवून काहीच उभं राहत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलंही होतं. काढलेली प्रत एकदा तरी उघडून बघावी — तेवढंही केलं नाही. रोज नक्कल व्हायची, रोज मी निश्चिंत घरी जायचे.

तो उन्हाळा तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला आठवत असेल. जायकवाडीचा तळ दिसत होता. बीड बायपासच्या पलीकडं नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या दारात टँकर. मोर्चे तर क्रांती चौकात रोजचेच. लाइट दुपारभर नसायची, सगळं इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं पाणी त्या उन्हात भराभर उडायचं, आणि ते भरायचं काम माझ्याकडं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते आणायला उन्हातून जावं लागायचं. आणि कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा जार होता — गार, स्वच्छ, फिल्टरचं म्हणून विकलेला. मी जारचं पाणी घातलं. एकदा नाही, उन्हाळाभर. त्या दिवसांत आम्हाला जारचं पाणी म्हणजे अमृत वाटायचं. पावणेरावळे आले तरी मोजून द्यायचो. बॅटरीला इतकं चांगलं पाणी देतेय, तिनं तक्रार का करावी? — असा काहीतरी विचार असावा माझा. पाण्यातल्या क्षारांनी बॅटऱ्या आतून खाल्ल्या.

एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं एक आचकाही दिला नाही. सर्व्हर बंद. लाइट आली, सर्व्हर उठला. डेटाबेस उठला नाही.

त्या घटकेचं वर्णन करत नाही. कुणीतरी मेल्यासारखं होतं आणि घरात मी एकटीच होते, एवढंच सांगते. नक्कल काढलेली डिस्क लावली. ती पण उठली नाही. दोन दिवस मी पानं पालथी घातली, दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवले, आणि बरंचसं परत आलं. कोठाराचा एक भाग मात्र गेला तो गेलाच. त्या भागात ज्यांची पत्रं होती त्यातले बाकी सगळे कारखानदार; त्यांच्या पत्रांच्या प्रती त्यांच्या त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरलेल्या असायच्या. त्यांना कळलंही नाही. फक्त एक माणूस असा होता जो आपली पत्रं आमच्याच सर्व्हरवर येऊन वाचायचा आणि तिथंच ठेवून जायचा. आमच्यावर भरवसा होता म्हणून.

भाऊसाहेबांनी विचारलं, सगळं ठीक? मी म्हणाले, ठीक.

पुढच्याच आठवड्यात काझी सर आले. जिना चढायला त्यांना वेळ लागतो, पावलं ऐकू येतात. मी ती पावलं ऐकत होते, आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता सांगायचं, आले की सांगायचं. काय झालं असतं हो सांगितलं असतं तर? नोकरी गेली नसती. भाऊसाहेबांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि मग माझ्यासाठी चहा मागवला असता. सरांनी — सरांनी तर शिवीही दिली नसती. भीतीचं कारणच नव्हतं. म्हणजे माझ्याकडं तीही सबब नाही. होतं ते एवढंच, की ज्या माणसानं मला पाताळातलं पाणी काढलंस असं म्हटलं, त्याच्या तोंडावर 'मी ते ओतून टाकलं' असं मला म्हणवेना.

सर म्हणाले, बेटा, माझी पत्रं दिसत नाहीत, मशीनला काही झालं का? आणि मी — इतक्या सहज, इतक्या मऊ आवाजात, मला स्वतःलाच नवल वाटलं — मी म्हणाले, "नाही सर, मशीन ठीक आहे. तुमच्याच हातून डिलीट झालीत. इथं तशी नोंद दिसतेय."

हेच ते. नोंद वगैरे काही नव्हती. मी पडद्याकडं बोट दाखवलं आणि त्यांना लांबचं नीट दिसत नाही हे मला माहीत होतं.

सरांनी वाद घातला असता तर कदाचित मी मोडले असते. त्यांनी वाद घातला नाही. ते पडद्याकडं बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. "मीच?" एवढंच म्हणाले आधी. आणि थोड्या वेळानं, "मीच असंल. आजकाल याद राहत नाय बेटा." मग उठले, मला त्रास दिला म्हणून माफी मागितली, आणि जिना उतरले. माफी त्यांनी मागितली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे बोलले नसते, खरं सांगते. खोटं बोलून झोपणारी मी काही पहिली नव्हे. पण पुढं जे झालं ते बघून मला कळलं की मी कुणाशी खोटं बोलले.

सरांनी प्रत्येक गावाला लिहिलं. माझ्या हातून चूक झाली, म्हणे, तुमची सगळी पत्रं मी पुसून टाकली, तुमच्याकडं असतील तर पुन्हा पाठवा. आणि पत्रं यायला लागली. पाठवणाऱ्यांच्या खात्यांत जुन्या प्रती होत्या. कुणी त्या पुढं ढकलल्या, कुणाचं जुनं खातं बंद पडलं होतं तर त्यानं आठवणीनं लिहून काढलं. दुष्काळ होता, माणसं टँकरच्या रांगेत दिवस काढत होती, आणि तरी वेळ काढून आपल्या विहिरीची जुनी वर्षं परत पाठवत होती. मी ऑफिसात बसून ती येताना बघायचे. एक, मग दोन, मग एकदम दहा. कुणी सरांना बोल लावला नव्हता. एकानं लिहिलं होतं, सर, तुम्ही पुसलं म्हणून पाणी थोडंच पुसलं जातंय. मी ते वाचलं आणि मला रडू आलं नाही. फक्त थक्क होऊन बघत राहिले. ही माणसं कोणत्या धाग्यानं एकमेकांना बांधलेली होती? आणि मी कोण होते मध्ये बसलेली?

सगळं परत आलं नाही. निम्मंही नाही. आमच्या गावचे मास्तर आदल्या वर्षीच वारले होते. आमची विहीर गेली.

एकदा सरांचा कॉम्प्युटर बघायला त्यांच्या घरी, शहागंजला गेले. त्यांची मुलगी नाजिया बँकेतून यायची होती. कीबोर्डवर एक बटण नव्हतं, नुसती खोबण. डिलीटचं बटण. सरांनी स्क्रूड्रायव्हरनं उचकटून काढलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, हसत सांगितलं — माझ्या हाताचा भरवसा नाय आता, म्हटलं हत्यारच काढून घ्यावं. मी पण हसले. तुम्हाला पटेल का, मी पण हसले?

आणि मग हळूहळू ते आवरतं घ्यायला लागले. पूर्वी नव्या वस्त्यांतली माणसं त्यांच्याकडं यायची, सर, बोअर कुठं घेऊ? सर जुनी पत्रं काढायचे, शेजारच्या विहिरींचा अंदाज घ्यायचे, फुकट सल्ला द्यायचे. आता ते म्हणायचे, माझ्यावर विसंबू नका, माझं डोकं ठिकाणावर नाही. शहरालगतच्या सातारा भागातल्या एका सोसायटीनं त्यांच्या हातापाया पडून विचारलं, तरी बोलले नाहीत. त्या लोकांनी तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या कुणालातरी बोलावून बोअर घेतले, कोरडे गेले. सरांनी स्कूटर विकली. शेवटी गावांना लिहायचंही थांबवलं. कुणी काढून घेतलं नाही त्यांच्याकडून काही. एकेक वस्तू ते स्वतःच खाली ठेवत गेले, आणि प्रत्येक वेळी त्यांचं कारण एकच — 'त्या उन्हाळ्यात मी जे केलं ते मला आठवत नाही.'

त्यांचं डोकं शाबूत होतं. तेव्हा. कितीतरी वर्षं शाबूत होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी त्यांच्याकडं जात राहिले. का, ते विचारू नका. नाजिया मला दीदी म्हणायला लागली, ईदला घरी बोलवायला लागली, अब्बूंची काळजी तुमच्याइतकी कुणी करत नाही म्हणायला लागली. मीही मान डोलवायला शिकले. भाऊसाहेबांनी पुढं ते काम एका मोठ्या कंपनीकडं सोपवलं आणि आमचा सर्व्हर बंद झाला; फायली की डेटाबेस हा प्रश्नच राहिला नाही. नोकऱ्या बदलल्या, शहराचं नाव बदललं. ते खोटं मात्र जिथं ठेवलं तिथंच होतं.

मागच्या वर्षी सर खरोखरच विसरायला लागले. गॅस चालू ठेवणं, नातीला मुलीच्या नावानं हाक मारणं. नाजिया म्हणाली, दीदी, डॉक्टरकडं चला सोबत. गेलो. डॉक्टर भले होते, घाई न करता विचारत होते. विचारलं, हे विसरणं पहिल्यांदा कधी लक्षात आलं? नाजिया म्हणाली, वर्ष झालं असेल.

सरांनी हात वर करून तिला थांबवलं. "नाय, त्याच्या लई आधी," ते म्हणाले. "दुष्काळाच्या साली. मी माझ्या हातानं सगळ्या विहिरी पुसल्या, अन् मला काहीच याद नाय. ही होती तिथं. विचारा हिला."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. नाजिया बघायला लागली. दहा-बारा वर्षांपूर्वीचा तो जिना संपून सर पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले होते, आणि मला पुन्हा तेच विचारलं होतं. असं पुन्हा कुणाला मिळतं? सांगा ना, एकच प्रश्न दुसऱ्यांदा कुणाच्या वाट्याला येतो?

मी म्हणाले, "हो. तेव्हापासूनच."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, म्हणजे बरंच जुनं दुखणं आहे, इतकी वर्षं उपचाराविना गेली. नाजिया तोंडाला ओढणी लावून रडायला लागली, की आम्ही एका घरात राहून आम्हाला कळलंच कसं नाही. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांकडं वळून, जरा अभिमानानंच, म्हणाले, "देखा? ही खोटं नाय बोलत."

मी खाली जाऊन रिक्षा थांबवली.

सर आजही शहागंजला आहेत. सकाळच्या वेळी अजून बरंच उमजतं त्यांना. सांगितलेलं कळतं, हे मी स्वतः पाहिलंय. मी रविवारी सकाळी जाते, त्यांच्याजवळ बसते, चहा पिते, आणि न सांगता परत येते.